रिकाम्या जागा भरू नका

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. हार्मोनियम म्हणा हवं तर. नागपूरच्या एका विद्यापीठाच्या संगीत विभागात, खिडकीखालच्या चौरंगावर माझा मुक्काम असतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा आधी गोड बोलतात आणि मग हळूच डोळे पुसतात. मला ते जमायचं नाही. मी चिडलेली आहे, आणि का चिडले ते सांगून टाकल्याशिवाय माझा भाता काही शांत होणार नाही.

माझा जन्म सीताबर्डीच्या एका बोळातला. तिथे एक कारागीर होता. सागाची फळी, मऊ चामडं आणि पितळेचे सूर एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. तो एकेक सूर कानाशी धरायचा, कानशीने जरासा घासायचा आणि पुन्हा कानाशी धरायचा. माझे सगळे सूर त्याच्या मनासारखे जमले, फक्त सर्वात खालचा सा ऐकेना. तो घुमायचा, आणि घुमताना त्यात एक घरघर यायची. कारागिराने पुष्कळ खटपट केली. शेवटी म्हणाला, राहू द्या, हा हिचा स्वभाव आहे. त्या घरघरीसकट मी विद्यापीठात आले.

माझी कामाची वर्षं फार चांगली गेली. विभागात गाणं शिकायला येणारा प्रत्येक जण माझ्याशेजारी बसला. साथीच्या पेटीचं काम काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का? गाणारा श्वास घ्यायला थांबला की ती जागा भरायची. तो पुढची तान आठवत असला तरी भरायची, आणि घाबरून गप्प झाला असेल तर जास्तच मायेने भरायची. उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या रिकाम्या जागा भरण्यात घालवलं आहे. त्यामुळे कोणती जागा भरायची आणि कोणती नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

पुढे विजेवर चालणारे की-बोर्ड आले आणि माझी किंमत उतरली. माझ्यावर खुर्च्या रचल्या गेल्या. एका महाशयांनी तर माझ्या झाकणावर रोज डबा खाल्ला. ठेच्याच्या तेलाचा डाग अजून आहे, या कधी बघायला. पण आजचा राग तो नाही. धूळ, तेल, पाली यांची सवय होते.

आमच्या विभागात शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थी एक नवी रचना करतो. स्वतःची, कुणाची उचललेली नाही. वर्षभर मुलं त्यावर रक्त आटवतात. मग ती कागदावर लिहितात, शिक्षक कागद वाचतात, गुण देतात आणि कागद कपाटात जातो. संपलं! ती रचना कधी कुणी वाजवत नाही, कधी कुणी ऐकत नाही. अहो, स्वयंपाकाची परीक्षा नुसती पाककृती वाचून घेतात का कुठे? एक घास तरी खाऊन बघतात की नाही? ते कपाट माझ्या समोरच आहे. त्याचं दार उघडलं की आतले पिवळे पडलेले गठ्ठे मला दिसायचे.

अशात भूमिका आली. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्याची पोरगी. वडील रामाजी, आई प्रयागबाई. घरची संत्र्याची बाग, थोडा कापूस. ती हुडकेश्वरला मावशीकडे राहायची आणि दोन बस बदलून विभागात यायची. पहिल्याच दिवशी तिने सगळे की-बोर्ड सोडून माझ्यावरच्या खुर्च्या उतरवल्या. माझा खालचा सा दाबला. घरघर ऐकली आणि हसायला लागली. “अवं, हे तं आमच्या वावरातली मोटर होय,” म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने ओल्या फडक्याने माझी पट्टी न् पट्टी पुसली, भात्याला पडलेली भेग खळ लावून कापडाने बुजवली, आणि त्या दिवसापासून आमचं गूळपीठ जमलं.

शेवटच्या वर्षी तिने रचना केली, तिचं नाव ‘लाइन’. खेड्यात वीज म्हणजे लाइन. लाइन आली की विहिरीवरची मोटर सुरू होते, पाणी पाटाने बागेत धावतं आणि झाडाझाडाच्या आळ्यात शिरतं. रचनेत मोटर म्हणजे माझा तो खालचा सा. पाणी म्हणजे व्हायोलिन. तबल्यावर झपताल. रंगात आलेलं असतं सगळं, आणि अचानक लाइन जाते.

त्या जागी भूमिकाने काहीच ठेवलं नव्हतं. पेटी गप्प, व्हायोलिन गप्प, तबला गप्प, मागचा तंबोरासुद्धा गप्प. झपतालाची तीन आवर्तनं पूर्ण शांतता. मग आधी तंबोरा हलकेच जागा होतो, त्यामागून माझा सा घुमत वर येतो आणि मोटर पुन्हा धरते.

एकदा ती मला ते सगळं सांगत बसली होती. लाइन जाते तेव्हा फक्त आपली मोटर बंद होत नाही, सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम बंद होतात. तोवर कानाला आवाज आहे हेच कळत नसतं, तो गेल्यावर कळतं. आई वाकल्या जागी मान वर करते. आणि वडील उठून मोटरचा खटका पाडायला स्टार्टरच्या डब्याकडे चालायला लागतात. कारण लाइन अर्धीमुर्धी परत आली आणि मोटर चालूच राहिली, तर मोटर जळते. लहानपणापासून तिने ते बघितलं होतं. त्या शांततेत सगळ्यांचा जीव कसा टांगलेला असतो, तेच तिला लोकांना ऐकवायचं होतं. बाकीची रचना त्या जागेपर्यंत पोचायची वाट होती, असं ती म्हणायची.

आणि त्याच वर्षी आमच्याकडे नवी योजना आली. विभागप्रमुख नंदिनी मॅडमनी त्यासाठी बरेच खेटे घातले होते, ते श्रेय त्यांचंच. बाहेरचे नामवंत कलाकार पंधरवडाभर विद्यापीठात येऊन राहणार, मुलांमध्ये बसणार, आणि शेवटी मुलांच्या नव्या रचना स्वतः मंचावर वाजवणार. निवासी कलाकार म्हणतात त्यांना. मी ते ऐकलं आणि म्हटलं, चला, देव पावला. त्या कपाटाला आता काम उरणार नाही. भूमिकाची रचना निवडली गेली तेव्हा तर तिने माझ्या झाकणावर डोकं टेकलं होतं.

तिघे आले. पेटीवादक आनंदराव, त्यांचं नाव फार मोठं. व्हायोलिनला अरुंधती आणि तबल्याला धर्मेंद्र. आनंदरावांची स्वतःची पेटी होती, गाडीत घातलेल्या नवरदेवासारखी मखमलीत गुंडाळलेली. पण ‘लाइन’साठी भूमिकाने मलाच मागितलं आणि त्यांनी हो म्हटलं. माझ्यावर त्यांनी बोटं ठेवली, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, हात काय होता तो! माझ्यात इतकं गाणं आहे हे मलाच माहीत नव्हतं. “आवाज आहे हिच्यात,” ते म्हणाले. मी दोन दिवस फुगून होते.

तिसऱ्या दिवशी ‘लाइन’ची तालीम लागली. मोटर सुरू झाली, पाणी धावलं, आणि ती जागा आली. आनंदराव थांबलेच नाहीत. त्यांनी तिथे एक सुरेख करुण सुरावट घातली, धर्मेंद्रने तिच्यावर तबल्याची जलद लग्गी लावली, आणि माझ्या पोटातून, माझ्याच सुरांनी, त्या पोरीची शांतता भरून टाकली गेली. खोलीतल्या सगळ्यांनी वाहवा केली. एकटी भूमिका उभी राहिली. म्हणाली, सर, इथे काही नाही.

“काही नाही असं नसतं, बाळ,” आनंदराव हसून म्हणाले. “लोकांना वाटेल आम्ही विसरलो.”

तिने लाइनचं सगळं सांगितलं. मोटर, शिवार, वडील, स्टार्टर. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. कल्पना गोड आहे, म्हणाले, मी ती सुरांतून सुचवीन. अरे, पण सुचवायला सांगितलं कुणी? पोरगी म्हणतेय गप्प राहा, आणि तुम्ही गप्प राहणं वाजवून दाखवणार! आणि ते वाईट वाजवत असते तर गोष्ट सोपी होती. इतकं छान वाजवायचे की भूमिकाची बाजू घ्यायला कुणी उरेना.

मी त्यांना ओळखून आहे. ते दुष्ट नव्हते. आमच्या गाण्याच्या लोकांना जन्मापासून एक सवय लागलेली असते, मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. ती सवय मलाही आहे. पण आपण साथीला बसलो आहोत की दुसऱ्याच्या घरात शिरलो आहोत, एवढं तरी बघाल की नाही? तुमची स्वतःची मैफल असती तर जागोजागी भरा, तुमचं राज्य आहे. इथे तुम्ही मुलांची रचना वाजवायला आला होता.

दुसऱ्या तालमीला अरुंधतीने त्या जागी गज उचलून धरला होता. आनंदरावांनी वाजवता वाजवता तिच्याकडे नुसतं बघितलं आणि गज पुन्हा तारेवर आला. तालीम झाल्यावर भूमिका त्यांच्यासमोर जाऊन बसली. फक्त एकदा, सर, मी लिहिलंय तसं एकदाच वाजवा, म्हणाली. त्यावर ते काय म्हणाले ठाऊक आहे? “खाली नाव तुझंच लागणार आहे ना?” नाव तिचं आणि वाजणार भलतंच, हे तर आणखी वाईट झालं की नाही?

मग नंदिनी मॅडमनी तिला बाजूला घेतलं, म्हणजे माझ्याजवळच. एवढ्या मोठ्या लोकांना शिकवायला जाऊ नकोस, म्हणाल्या. ते नाराज झाले तर पुढच्या वर्षी येणार नाहीत आणि योजना बंद पडेल. मॅडमचंही मन मला कळत होतं, पण त्या मुलीचं तोंड बघून माझा संताप संताप झाला. मुलांच्या रचनांसाठी योजना, आणि योजना टिकावी म्हणून मुलीने आपली रचना सोडायची. कुठला न्याय हा? सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी बसली. “काहून असं करून राह्यले वं हे लोक?” एवढंच म्हणाली. मी पेटी. माझ्याकडे उत्तर असतं तरी पट्टी कुणी दाबल्याशिवाय मी बोलणार कशी?

आता तंबोऱ्याचं ऐका. हल्ली सगळीकडे यंत्राचा तंबोरा असतो. डबीएवढं यंत्र, बटण दाबलं की घण घण चालू. पण आनंदरावांना ते यंत्र मुळीच खपत नसे. मंचावर खरा भोपळ्याचा तंबोरा हवा आणि मागे बसून तो एखाद्या विद्यार्थ्याने छेडायला हवा, ही त्यांची अट. रीत अशी की ज्याची रचना, त्याने त्या रचनेला तंबोऱ्यावर बसायचं. भूमिका बसणार होती.

रविवारी सकाळी मैफल होती. रामाजी आणि प्रयागबाई पहाटेच्या एसटीने निघून, काटोलला गाडी बदलून आले होते. पाहुण्या कलाकारांसाठी त्यांनी बागेतली संत्री थैली भरून आणली होती. दोघं तिसऱ्या रांगेत बसले, रामाजी कडेच्या खुर्चीवर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. सभागृह मोठं, पंखे मंद, आणि तिथली माणसं इंग्रजी-हिंदीत कुजबुजणारी. ते दोघं आपले मंचाकडे टक लावून बसले होते. लेकीने काय केलंय ते त्यांना आज पहिल्यांदा ऐकायला मिळणार होतं.

‘लाइन’ सुरू झाली. माझी घरघर सभागृहात घुमली आणि प्रयागबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं, ते मी बघितलं. पाणी धावलं. झपताल मस्त जमला. ती जागा आली आणि आनंदरावांची बोटं सवयीने त्या सुरावटीकडे वळली. माझ्या पोटातून तो करुण सूर निघालाच.

आणि तंबोरा थांबला.

भूमिकाने चारही तारांवर तळहात ठेवला होता. मित्रांनो, चालू मैफलीत तंबोरा थांबवणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? चालत्या माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढावी तसं ते आहे. कुणी करत नाही असं. तसं करणाऱ्याला पुन्हा मंचावर घेत नाहीत. आनंदरावांनी मान वळवली. त्यांचे डोळे मी जवळून बघितले, मला तरी धडकी भरली. वाजवतच ते दातांतल्या दातांत म्हणाले, “तंबोरा!”

तिने हात उचलला नाही. 

आधी अरुंधतीने गज उचलला. या वेळी तो खाली आला नाही. धर्मेंद्रने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवले. आनंदराव एकटे उरले. मागे तंबोरा नाही, बाजूला कुणी नाही, आणि हाताखाली मी. एक सूर त्यांनी लांबवला, मग तोही सोडला. माझ्या पोटात थोडी हवा शिल्लक होती. ती मी दाबून धरली. एक फुसकारासुद्धा निघू दिला नाही.

सभागृहात शांतता पसरली. कुणीतरी खोकून लगेच थांबलं. पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली, जी इतका वेळ होतीच. आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवरचे रामाजी उठून उभे राहिले. शेजारी कोण बसलंय, आपण कुठे आहोत, याचं त्यांना भान नव्हतं. ते दोन पावलं दाराच्या दिशेने चाललेसुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मधल्या वाटेत तसेच उभे राहिले. भूमिका मंचावरून त्यांच्याकडे बघत होती. तारांवर हात तसाच होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आवर्तनं भरली. तिने तंबोरा छेडला, माझा सा खालून घुमत वर आला, पाणी पुन्हा पाटात शिरलं. आनंदराव बरोबर ठिकाणी आले, त्यात काही उणं काढता येणार नाही. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा लोक उभे होते. रामाजी तर आधीपासूनच उभे होते.

मंचामागे मला उचलून आणलं तेव्हा ते लेकीजवळ आले. “मले वाटलं लाइनच गेली वं,” ते ओशाळून म्हणाले. “स्टार्टर बंद कराले निघालो होतो मी.” भूमिका हसायला गेली आणि तिला हुंदका आला. तिला यापेक्षा मोठी शाबासकी मिळायची नाही, हे मला त्या क्षणी कळलं. अरुंधतीने तिच्याकडून रचनेची प्रत मागून घेतली. लिहिलंय तसंच वाजवीन, म्हणाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज कशाला चिडले असते? ऐका पुढे. आनंदरावांनी भूमिकाला बोलावून, तंबोरा सोडायचा नसतो एवढंही शिकवलं नाही का, म्हणून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. आणि तोंड वळवून लगेच वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायला लागले. हातात रामाजींच्या बागेतलं संत्रं. एकेक फोड तोंडात टाकत सांगत होते, विराम घ्यायला हिंमत लागते, एवढा मोठा विराम घेणं सोपं नाही. विराम घेतला म्हणे! कुणी घेतला? तुमची बोटं तर शेवटपर्यंत उठत नव्हती, मीच साक्षीला आहे! दुसऱ्या दिवशी छापून आलं की आनंदरावांच्या धाडसी विरामाने श्रोते भारावले. खाली एका विद्यार्थिनीची रचना, एवढाच उल्लेख. जे नाव नक्की लागणार होतं, तेही लागलं नाही.

आणि विभागाने काय केलं? नंदिनी मॅडमनी बैठक घेतली. मी खोलीतच होते, सगळं ऐकलं. योजना चालू राहणार, आनंदरावही पुन्हा येणार. मुलांची शांतता मुलांना परत कशी मिळेल, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. एकच गोष्ट ठरली. मंचावर रचनाकार विद्यार्थी बसणार नाहीत, आणि तंबोरा यापुढे यंत्राचा. आनंदरावांनीसुद्धा मान्य केलं म्हणे. ज्या यंत्राचं तोंड बघायला नको होतं, तेच आता त्यांना गोड लागायला लागलं. यंत्राला हात नसतो ना, ते मधेच थांबत नाही.

मित्रांनो, माझ्या जागी दुसरी एखादी पेटी असती तर तिने तुम्हाला शेवटी विनवलं असतं, जुन्या वाद्यांना जपा, धूळ पुसा, भाता कोरडा ठेवा. मला पुसलं नाही तरी चालेल. आणखी चार डबे खा माझ्यावर. पण तुमच्यातलं कुणी उद्या रचना करेल आणि त्यात मुद्दाम एक जागा मोकळी ठेवेल. ती भरायला मोठमोठे हात पुढे येतील, फार गोड वाजवतील आणि सगळे वाहवा करतील. तेव्हा घाबरू नका. तो यंत्राचा तंबोरा आता माझ्याच चौरंगावर आणून ठेवला आहे, मी त्याला रोज जवळून बघते. त्याच्या डाव्या बाजूला, खाली, बंद करायचं एक लहानसं बटण आहे. मंच उभारला जाईल तेव्हा तेवढं आधी बघून ठेवा, आणि मंचावर बसू दिलं नाही तरी हात पोचेल इतक्या त्याच्या जवळ बसा.